तीन नंबरचं दार, चार नंबरचं पाणी

ते साल एक्क्याऐंशी. बहात्तरच्या दुष्काळाला नऊ वर्षं होऊन गेली होती. त्या दुष्काळात खडी फोडून, माती वाहून माणसांनी जो तलाव बांधला, त्याच्या पाण्यावर चिंचकोट्याच्या माळाला गहू डोलायला लागून दोनच वर्षं झाली होती. चिंचकोटा म्हणजे उमरग्यापासून पाच कोसांवरचं, हमरस्ता सोडून आत शिरलेलं गाव. निम्मं मराठी, निम्मं कानडी. भांडण मराठीत सुरू करायचं आणि कानडीत मिटवायचं, अशी तिथली रीत.

गावानं उपसा सिंचनाची सहकारी संस्था काढली होती. तलावाकाठी मोटर, तिथून माळाच्या टोकापर्यंत लोखंडी पाइप आणि टोकाला सिमेंटचा मोठा हौद. हौदाला चार लोखंडी दारं. दरेक दारापासून एक चारी निघायची आणि शेताशेतांतून पाणी फिरवायची. दारं वरखाली करायला चावी एकच. चावी म्हणजे हातभर लांबीचा, टोकाला चौकोनी खोबण असलेला दांडा. तो ज्याच्या खांद्यावर, तो पाटकरी. पाळीप्रमाणे सगळ्यांना पाणी देणं हे त्याचं काम. चिंचकोट्याचा पाटकरी होता धुळाप्पा.

धुळाप्पाची बायको गौराबाई. नवऱ्याच्या खांद्यावरच्या त्या दांड्याचा तिला अभिमान होता, पण बोलून दाखवायची नाही. शेत म्हणावं तर त्यांना दीड एकर मुरमाड, तेही संस्थेच्या पाण्याच्या वर. त्या पाण्यातला थेंब त्यांच्या रानात जायचा नाही. तरी हौदावर उभा राहून धुळाप्पा दाराचे आटे फिरवायला लागला, की कोण किती पाण्याला हक्कदार हे गाव त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. एवढा मान त्या घराला आधी कधी मिळाला नव्हता.

आणि त्याच साली उन्हाळ्यात धुळाप्पाचं डोकं फिरलं.

आधी झोप उडाली. मग पाइपातून आपल्याला कुणीतरी हाक मारतंय असं तो म्हणायला लागला. मग, हौदात संस्थेचेच लोक काहीतरी कालवतात, असं त्याच्या मनानं घेतलं. एके सकाळी त्यानं चारी दारं बंद केली, चावी पोटाशी धरली आणि हौदावर बसून राहिला. तीन दिवस कुणाला पाणी नाही. धाकट्या भावानं, कल्याणप्पानं, त्याला गोडीगुलाबीनं खाली उतरवलं आणि सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक पांढरी मोठी आणि एक बारकी. "दोन्ही सोबत घ्यायच्या, एकही सोडायची नाही," असं बजावलं. बाहेर रांग होती. याच्यापुढं समजावून सांगायला त्यांना सवड नव्हती.

महिनाभरात पाइपातली हाक थांबली. धुळाप्पा जेवायला लागला, झोपायला लागला, लेकीशी, महानंदाशी, चेष्टा करायला लागला. संस्थेनंही मोठं मन करून चावी परत दिली. सगळं मार्गी लागलं होतं. एकच गोष्ट गौराबाईला बघवत नव्हती. धुळाप्पाचं तोंड कोरडं पडायचं. जीभ टाळूला चिकटायची, बोलताना चट चट आवाज यायचा. तांब्यावर तांब्या पाणी प्याला तरी ओठ भेगाळलेलेच.

दुसऱ्या कुणी याला फार मनावर घेतलं नसतं. पण बहात्तर साली याच तलावाच्या बांधावर दोघं नवराबायको कामाला होती, तेव्हा एकदा दोन दिवस पाण्याचा टँकर आला नव्हता. महानंदा तेव्हा दोन-अडीच वर्षांची. दुसऱ्या दिवशी दुपारी आईला "अव्वा" म्हणून हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि जीभ टाळूवरून सुटलीच नाही. नुसता चट असा आवाज आला. तिसऱ्या प्रहरी टँकर आला, पोर वाचली. पण तो आवाज गौराबाईच्या कानांतून गेला नव्हता. माणसाची जीभ कोरडी पडली की पुढं काय होतं, हे तिनं त्या साली इतरांच्या लेकरांच्या बाबतीत पाहिलं होतं.

शेजारच्या मालनबाईपाशी ती बोलली. मालनबाईला गावातल्या सगळ्या दुखण्यांचं औषध ठाऊक असायचं, आणि विचारायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची.

"गौरे, गोळी उष्ण असंल," मालनबाई म्हणाली. "लई आग पेटवती आतून. त्यातली एक कमी करून बग की."

"कोणची?"

"बारकी. बारकी मिरचीच जास्त तिखट असती का न्हाय?"

गौराबाईला ते पटलं. तिनं बारकी गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. पुड्या तेवढ्या पेटीत, लुगड्याखाली सारून ठेवल्या. चार दिवसांत धुळाप्पाचे ओठ ओले झाले. गौराबाईला वाटलं, जिंकलं.

आठ दिवसांनी धुळाप्पाचा चालताना हात हलेनासा झाला. खांद्याला दोन फळ्या ठोकल्यासारखे हात अंगालगत. पावलं बारीक बारीक, घासटत. तोंडावरचा भाव पुसला गेला. महानंदा चेष्टा करायची तर हा नुसता बघायचा. लाळ गळायची. बोटं आपोआप हलायची, चिमटीत कणकेची गोळी वळल्यागत. आणि कार्तिक सरता सरता, ऐन गव्हाच्या पहिल्या पाळीला, तीन नंबरचं दार बंद करून चार नंबरकडे वळताना त्याचा हात मध्येच थिजला. तीन नंबर मिटलं, हौदात पाणी चढलं आणि सगळा लोट चार नंबरला गेला. चार नंबरची चारी फुटली. त्या चारीवर पहिलं रान श्रीपतीचं. पंधरा दिवसांचे गव्हाचे कोंब चिखलात बसले.

श्रीपती हा तोंडाचा तिखट माणूस, पण त्या दिवशी त्याचा राग खोटा म्हणता आला नसता. त्यानं संस्थेचे चेअरमन आबाराव यांच्याकडे जाऊन सांगितलं, "येत्या आयतवारी मीटिंग बोलवा. चावी काढून घ्या. येड्याच्या हातात गावाचं पाणी ठिवून बसलाव आपण."

रविवारला चार दिवस होते. गुरुवारी सकाळी धुळाप्पाची मान वळली ती डाव्या खांद्याकडे, आणि तिथंच अडकली. डोळे वर चढले. जबडा वाकडा झाला. महानंदा किंचाळली. अर्धं गाव दारात जमलं.

"वैनी, ह्ये औषधाचं काम न्हाय," कल्याणप्पा रडकुंडीला येऊन म्हणाला. "कुणीतरी करणी केलीया. गोळ्या फेका उकिरड्यावर. म्या गाडी जुंपतो, देवरुष्याकडं जाऊ."

"गाडी जुंपा," गौराबाई म्हणाली. "पण आधी उमरग्याला. भावजी, तुमच्या पाया पडते. आधी उमरगा."

निघताना तिनं पेटी उघडली आणि बारक्या गोळ्यांच्या पुड्या कनवटीला लावल्या.

बैलगाडीनं हमरस्त्यापर्यंत, तिथून एका ट्रकवाल्यानं दया येऊन घेतलं. उमरग्यात हायवेलगत, टायरच्या दुकानाशेजारी डॉ. रामकिसन सोनकांबळे यांचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक बाकडं, एक माठ. वय तिशीचं. तालुक्यातल्याच एका वस्तीवरचा हा मुलगा औरंगाबादला शिकला आणि पुण्याच्या मनोरुग्णालयात दोन वर्षं काढून परत आला होता. लोक म्हणायचे, हा वेड्यांचाही ताप बघतो आणि तापातली बडबडही ऐकून घेतो.

डॉक्टरांनी धुळाप्पाची मान पाहिली, मनगट धरून हात वाकवून पाहिला. हात झटके घेत वाकत होता, दातेरी चाक फिरल्यासारखा.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

कल्याणप्पानं पाइपातल्या हाकांपासूनचं सगळं सांगितलं आणि पांढऱ्या गोळ्या पुढं केल्या.

"हिच्यासोबत दुसरी असणार. बारीक. ती कुठं आहे?"

"संपली," गौराबाई पटकन म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "मावशी, ती संपली असेल तर मी एक समजेन, आणि चालू असेल तर दुसरं. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. मला नेमकं सांगा."

गौराबाईनं कनवटीच्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. दिराच्या देखत बोलायची तिला लाज वाटत होती. पण नवऱ्याची मान त्या तशी, आणि डोळे छताला.

"म्याच बंद केली, सायेब. अठरा दिस झाले. त्यांचं तोंड सुकायचं. मला जीभ सुकल्याली बगवत न्हाय. म्याच माझ्या हातानं ह्ये केलं."

"वैनी!" कल्याणप्पा म्हणाला.

डॉक्टर तेवढ्यात उठून सुई भरायला लागले होते. "बरं झालं सांगितलंत," ते सुईकडे बघतच म्हणाले. "फार बरं झालं. आता अर्धा तास बसा इथंच."

अर्धा तास म्हणजे किती, हे गौराबाईनं त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळात काटा सरकताना पाहून शिकून घेतलं. वीस मिनिटं झाली नसतील तोच धुळाप्पाचे डोळे खाली आले. मग मान सैल पडली. कुणी अदृश्य हातानं धरलेली सोडावी तशी. त्यानं जबडा हलवून बघितला. समोर बायको दिसली.

"पाणी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी माठातलं पाणी दिलं. कल्याणप्पालाही पेला पुढं केला. कल्याणप्पा क्षणभर घुटमळला. त्या काळी कुणाच्या माठातलं पाणी प्यावं याचे गावात फार हिशेब असत. मग भावाकडे पाहून त्यानं पेला घटाघटा रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"सायेब, ह्ये झालं काय?" गौराबाईनं विचारलं. "डोस्क्याची गोळी, तिनं आंग कामून लाकूड झालं?"

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. "मेंदूत नसा असतात, मावशी. पण एक नस दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये बारीक फट असते. निरोप धाडायचा तर इकडच्या नसेतून एक रस झिरपतो, आणि पलीकडच्या नसेवर त्या रसासाठी दारं असतात. रस बरेच आहेत, आणि ज्याचं त्याचं दार वेगळं. ह्या मामांना हाका ऐकू यायच्या, कारण एका रसाचा लोट जास्त होत होता. पांढरी गोळी त्याची दारं दाबते. म्हणून हाका थांबल्या."

गौराबाई मान हलवत होती. कळत काही नव्हतं.

"पण ती दारं एकटी नसतात. शेजारी दुसऱ्या रसाचा कारभार असतो. एकाचं दार दाबलं की दुसऱ्याचा..." डॉक्टर शब्द शोधत थांबले.

"तीन नंबर दाबलं..." बाकड्यावरून आवाज आला. जड, संथ, लाळेतून वाट काढत आलेला. "की चार नंबर फुगतंय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. धुळाप्पा त्या आठवड्यात एवढं एका दमात बोललाच नव्हता.

"सायेब, ते हौदाचं बोलायलेत," कल्याणप्पा घाईनं म्हणाला. "पाटकरी हाय आमचा भाऊ. मनावर घेऊ नका."

"अहो, मनावर काय घेऊ नका? तेच तर मी सांगत होतो!" डॉक्टर स्टूल घेऊन थेट धुळाप्पासमोर जाऊन बसले. "सांगा मामा. तीन नंबर दाबलं की?"

धुळाप्पानं हात उचलला. हात हळू उचलला गेला, पण उचलला गेला. "हौद एकच. तीनचं दार मिटलं की पाणी चढतंय. मंग चार नंबरला लोट. चारी फुटती. म्हणून तीन खाली घेताना... चारबी वाईच खाली घ्यावं लागतंय."

"बघा! पांढरी गोळी म्हणजे तीन नंबर मिटणं. आणि बारकी गोळी म्हणजे चार नंबर थोडं खाली घेणं. मावशींनी तीन तसंच मिटलेलं ठेवलं आणि चार सताड उघडलं. हातपाय आखडले, मान वळली, ती चारी फुटली." डॉक्टरांचे डोळे चमकत होते. "फरक एवढाच की तुमच्या हौदात पाणी एक, आणि इथं रस दोन. पहिल्याचं दार उघडं असतं तोवर ते दुसऱ्याला बेतानं वाहा म्हणून सांगत असतं. ते दार दाबलं की दुसऱ्याला दटावणारं कुणी उरत नाही. तो चढतो."

"म्हंजी भाऊबंदकी," कल्याणप्पा म्हणाला. डॉक्टर मोठ्यानं हसले.

"मंग सायेब, पांढरीच बंद करून टाकू की. झंझटच नको," कल्याणप्पाच पुढं म्हणाला.

"ते तर मुळीच करायचं नाही. दार बरेच दिवस दाबून ठेवलं की मेंदूही गप्प बसत नाही. रस पोचेना म्हणून तो..."

"चारी बंद ठिवली की खालचा माणूस बांध फोडतोय," धुळाप्पा म्हणाला.

डॉक्टरांनी स्टूल आणखी पुढं ओढलं. मग हळूच म्हणाले, "मामा, ह्याच्यावर मला परीक्षेत दोन पानं लिहावी लागली होती. तसंच होतं. तो नवी दारं पाडून ठेवतो. एकदम पांढरी बंद केलीत तर लोट त्या सगळ्या भगदाडांतून घुसेल. हाका परत येतील, जास्त जोरानं. कमी करायची तर सावकाश, आटा आटा करून. ते मी बघतो."

त्यांनी पांढरी गोळी थोडी कमी केली, बारकी पुन्हा सुरू केली, पण आधीपेक्षा निम्मी. आणि गौराबाईकडे वळले. "तोंड कोरडं पडतं ही तुमची तक्रार खरी होती. ती त्याच बारक्या गोळीची. पण ते गोळी टाकून सांगायचं नसतं, मला येऊन सांगायचं असतं. घोट घोट पाणी, जेवणानंतर बडीशेप, अधूनमधून लिंबाची फोड चोखायला द्या. भीती वाटली तर इथं या. मान आज सुटली. अंगाचा ताठरपणा जायला मात्र पंधरा दिवस लागतील."

गौराबाई पाया पडायला वाकली तसे डॉक्टर चटकन मागं सरले. "अंहं. तुम्ही खरं बोललात म्हणून सुई कुठली ते कळलं. निम्मं काम तुमचंच आहे."

एवढ्या वर्षांत आपल्या चुकीच्या कबुलीला कुणी निम्मं काम म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. परतीच्या वाटेवर बैलगाडीत ती पदरानं डोळे पुसत राहिली आणि कल्याणप्पा, कासरा हातात धरून, मागं न बघता म्हणाला, "वैनी, म्या तर गोळ्या उकिरड्यावर टाकाय निघालो व्हतो. तुमी अठरा दिसांची चूक केली, म्या जन्माची केली असती."

पण पंधरा दिवस लागणार होते आणि मीटिंग तिसऱ्याच दिवशी होती.

रविवारी शाळेच्या पडवीत संस्थेचे सभासद जमले. बायका मीटिंगला यायच्या नाहीत. गौराबाई पडवीच्या खांबाशी येऊन उभी राहिली. धुळाप्पा भिंतीला टेकून बसला होता. मान सरळ, पण तोंड अजून लाकडी, बोटं वळवळणारी. बघणाऱ्याला काय दिसणार?

"बगा, म्या सांगाया नको," श्रीपती म्हणाला. "माझ्या गव्हात बेडकं लोळली. गव्हाची भरपाई म्या मागत न्हाय. चावी तेवढी दुसऱ्याला द्या."

आबाराव म्हातारे, तंबाखू मळत मळत न्याय करणारे. "धुळाप्पाचं काय म्हणणं?"

धुळाप्पाचे ओठ हलले, शब्द यायला वेळ लागला. तेवढ्यात गौराबाईच बोलली.

"आबा, चूक त्यांची न्हाय. माझी हाय. डाक्टरनं दोन गोळ्या दिल्या व्हत्या. एक म्या लपवून ठिवली. त्यानं त्यांचं आंग आखडलं. आता दोन्ही चालू केल्यात. पंधरा दिस द्या."

पडवीत कुजबुज झाली. मग तिनं डॉक्टरांनी सांगितलेलं जमेल तसं सांगितलं, दारं, रस, तीन नंबर, चार नंबर.

"डोस्क्यात दारं असतेत म्हणं!" श्रीपती म्हणाला. "मंग चावी कुठून घालायची? नाकातून का कानातून?"

लोक हसले.

"तोंडातून," गौराबाई म्हणाली. "पाण्यासंगं. दोन टायमाला."

आता लोक जास्त हसले, आणि ते हसू श्रीपतीच्या बाजूचं नव्हतं. आबारावांच्या मिशीतही काहीतरी हललं.

"आन् बारकी गोळी बंद कर म्हणून म्या सांगितलं व्हतं तिला," शाळेच्या कुंपणापलीकडून आवाज आला. मालनबाई. डोक्यावर सरपणाचा भारा, आणि मीटिंगमधलं अक्षर न् अक्षर ऐकलेलं. "म्या म्हणले, उष्ण हाय. मला काय ठाव? तवा काय दंड-बिंड करायचा तर मला बी करा."

"तुला दंड केला तर तू गावाला औषध सांगायची बंद व्हशील का?" आबारावांनी विचारलं.

"त्ये कसं व्हईल, आबा?"

हशा ओसरल्यावर आबाराव गंभीर झाले. "गौरे, तुझं खरंय असं म्या मानतो. पण पाळी उद्या हाय. पंधरा दिस पाणी थांबवून ठिवता येत न्हाय. आन् ह्याचा हात चालत न्हाय, हे तू बी बगतीस."

"हात माझे," गौराबाई म्हणाली. "डोस्कं त्यांचं. ते सांगतील तसं म्या आटे फिरवते. चुकलं तर चावी तवाच घ्या."

"बाई हौदावर चढणार?" कुणीतरी म्हणालं.

"ह्याच तलावावर बाईनं माती वाहिली तवा चाललं," मालनबाई कुंपणापलीकडून म्हणाली. आबारावांनी तंबाखू गालात ठेवली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

सोमवारी सकाळी गौराबाईनं पदर कमरेला खोचला आणि हौदावर चढली. बहात्तर साली खडी फोडलेले हात होते. दांडा तिला जड गेला नाही. धुळाप्पा कठड्याला धरून उभा. खाली चार नंबरच्या चारीवर श्रीपती हाताची घडी घालून.

"तीन नंबर. चार आटे खाली," धुळाप्पा म्हणाला.

तिनं फिरवले.

"थांब. ऐक."

"काय ऐकू?"

"पाणी ऐक. हौदात चढाय लागलं की आवाज जाड व्हतो."

ती ऐकत राहिली. खरंच, पाण्याचा आवाज बदलत होता. आधी खळखळ, मग भरल्या घागरीसारखा.

"आता चार नंबर. दोन खाली. सावकाश, गौरे. अर्धा आटा मागं घे... हां."

चार नंबरची चारी काठोकाठ भरली आणि काठावरच थांबली. पाणी श्रीपतीच्या रानात शिरलं ते शिस्तीत, सरीतून सरीत. श्रीपतीनं हाताची घडी सोडली, फावडं उचललं आणि वाफ्यावाफ्यात पाणी वळवत बारं द्यायला लागला.

असे दिवस जात राहिले. सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी दोन गोळ्या, लिंबाची फोड, आणि हौदावर त्याचं डोकं, तिचे हात. बाराव्या दिवशी काम आटोपून दोघं घरी निघाली. धुळाप्पा पुढं, ती मागं. चालता चालता तिच्या लक्षात आलं, की त्याचा उजवा हात हलतोय. पावलाबरोबर मागं, पुढं, मागं, पुढं. साध्या माणसाचा हलतो तसा. ती तिथंच बांधावर बसली. तो वळून म्हणाला, "काय झालं गं? काटा मोडला का?" आणि असं विचारताना त्याच्या कपाळाला आठी पडली. किती दिवसांनी त्या तोंडावर आठी पडली होती!

पंधराव्या दिवशी आबाराव दोन सभासदांना घेऊन हौदावर आले. धुळाप्पानं बायकोच्या हातातून दांडा घेतला आणि चारी दारं स्वतः फिरवून दाखवली. आबारावांनी खाली वाकून चार नंबरच्या चारीत हात घातला, ओल्या हातानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चावी राहू दे ह्याच्यापाशीच."

धुळाप्पा पुढं पंधरा वर्षं पाटकरी राहिला. डॉक्टरांनी पांढरी गोळी वर्षावर्षानं कमी करत नेली आणि बारकी पुढं स्वतःच बंद केली. शहाऐंशीत एकदा हाका परत आल्या, पण या वेळी तो स्वतःच कल्याणप्पाला म्हणाला, "चल, उमरग्याला जाऊ." दोन हजार चारच्या पावसाळ्यात तो न्यूमोनियानं गेला. अंगणात जमलेल्या माणसांत चारी चाऱ्यांवरची माणसं होती.

कल्याणप्पा भावाला महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात न्यायचा. नेता नेता त्याला तो नाद लागला. आसपासच्या गावांतलं कुणाचं डोकं बिघडलं, की लोक आधी कल्याणप्पाकडे यायचे आणि तो त्यांना घेऊन एसटीत बसायचा. अशी अकरा माणसं त्यानं नेली. तो आता नाही.

आबाराव एकोणनव्वद साली गेले. त्यांच्यानंतर श्रीपती चेअरमन झाला आणि सात वर्षं राहिला. त्या सात वर्षांत त्यानं पाटकरी बदलायचा ठराव दोनदा हाणून पाडला. तोंड मात्र शेवटपर्यंत तसंच.

मालनबाईचं घर त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं. दगडाखालून ती जिवंत निघाली, पाय मोडलेला. कळकट तंबूत पडल्या पडल्या ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला औषध सांगत होती, ते डॉ. सोनकांबळ्यांनी ऐकलं आणि मोडलेल्या पायाला फळी बांधता बांधता तिला थांबवलं नाही. त्यानंतर ती नऊ वर्षं लंगडत जगली.

महानंदाचं सासर हुमनाबादचं. तिला दोन नाती आहेत.

डॉक्टर उमरग्यातच राहिले. भूकंपानंतर दोन महिने ते तंबूंतून फिरत होते. रात्री दचकून उठणाऱ्या माणसांना गोळ्यांपेक्षा जास्त वेळ देत होते. आता दवाखाना त्यांची मुलगी चालवते.

गौराबाई ब्याऐंशीची आहे. हिवाळा चिंचकोट्यात काढते, उन्हाळा लेकीकडे. दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत ती डॉक्टरांना पिशवीभर हुरडा धाडायची. दुसरं काही ते घेत नसत. गेल्या हिवाळ्यात त्यांनीच फोन केला. म्हणाले, मावशी, दात राहिले नाहीत, आता हुरडा नको. तिनं त्याच दिवशी ज्वारी निवडायला घेतली, गिरणीतून बारीक दळून आणली आणि चार किलो पीठ उमरग्याला जाणाऱ्या एसटीत ठेवून दिलं.